अहोंची शिंक

घड्याळं एक तास मागे घ्यायचा रविवार आला की आमच्या घरात दोन गोष्टी होतात. हीटरच्या पट्ट्यांवर उन्हाळाभर साठलेली धूळ तापते आणि घरभर एक करपट वास सुटतो. त्या वासाने यांना शिंक येते. ती पहिली शिंक एकदा आली की मार्चपर्यंत मुक्कामाला असते. बाहेर चेस्टनटची तपकिरी फळं गाड्यांच्या टपांवर आपटत असतात, डॅन्यूबवरून आलेलं धुकं दुपारचे बारा वाजले तरी जागचं हललेलं नसतं, आणि मी चकलीची भाजणी मळता मळता कान टवकारून उभी असते. शिंक ऐकू आली की इतक्या वर्षांनीही मला आधी काय होतं, तर मत्सर. पदर खोचून भांडायला जावं असा.

शिंकेचा कसला मत्सर, असं कुणीही म्हणेल. मलाही तो शिंकेचा नव्हताच म्हणा. एका दोन अक्षरी शब्दाचा होता, आणि तो शब्द मीच लिहिला होता.

लग्नाच्या पहिल्या दिवसापासून मी यांना अहो म्हणते. सासूबाईंनी सत्यनारायणाच्या दुसऱ्याच दिवशी भाजी निवडताना सांगून टाकलं होतं की आमच्याकडे अरेतुरे चालत नाही. मला त्यात वावगं वाटलं नाही. आमच्या घरीही आई बाबांना अहोच म्हणायची. यांनी मात्र पहिल्याच महिन्यात सुचवलं होतं, दोघंच असताना तू म्हण की. मी प्रयत्न केला. पिंपरीच्या फ्लॅटच्या भिंती पातळ, पलीकडे सासूबाईंची जपमाळ, आणि "अरे" म्हणायला तोंड उघडलं की आतून खोकला यायचा. मग ते राहून गेलं. पुढे यांना इंगोलश्टाटला नोकरी लागली आणि प्रेशर कुकर, मिसळणाचा डबा, रांगोळीची जाळी या सगळ्याबरोबर माझं अहोही सामानातून इथे आलं. इथे ऐकायला कुणी नव्हतं. पण तोंडाला वळण पडलं ते पडलं.

आजूबाजूला सगळे यांना तू म्हणत होते. आमची सई चार वर्षांची होती, ती "बाबा, तू चल" म्हणायची. ऑफिसात यांचा साठीला टेकलेला बॉस एका संध्याकाळी बिअरचा ग्लास उचलून म्हणाला की आजपासून आपण एकमेकांना डू म्हणू, आणि हे घरी येऊन ती बातमी पगारवाढ झाल्यासारखी सांगत होते. जर्मनमध्ये परक्याला आणि मोठ्याला झी, आपल्या माणसाला डू. म्हणजे तो बॉस आपला माणूस झाला होता. मी टेबलावर पोळ्या ठेवल्या आणि म्हटलं, "अहो, हात धुवा."

गावच्या फोक्सहोखशूलमध्ये, म्हणजे प्रौढांच्या शाळेत, मी जर्मन शिकायला जायचे. आमच्या बाई, फ्राऊ लिंडनर, पांढऱ्या केसांचा बॉबकट, गळ्यात कायम लाकडी मण्यांची माळ. त्यांनी डू आणि झीचा धडा शिकवताना विचारलं की तुमच्या भाषांत काय करतात. मी भोळेपणाने सांगितलं की मी नवऱ्याला झी म्हणते. एका पोलिश गृहस्थांनी विचारलं, भांडतानाही? मी म्हटलं, भांडताना तर जास्तच. फ्राऊ लिंडनर हसू दाबून म्हणाल्या, आल्झो, बरं, लग्नाला किती वर्षं झाली? सात, मी म्हटलं. "आणि अजून ओळख झाली नाही?" त्यांनी गमतीने विचारलं होतं. वर्ग हसला, मीही हसले, आणि घरी येताना बसमध्ये मला रडू आलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्याच बाई आम्हाला सिनेमाला घेऊन गेल्या. गावातल्या लहान थिएटरात फ्रेंच सिनेमांचा आठवडा होता. सिनेमा खुनाचा, पण हसवणारा, आणि काळ एकोणीसशे तिसाच्या आसपासचा. मूळचं ते जुनं फ्रेंच नाटक, असं बाईंनी आधीच सांगितलं होतं, आणि ते कळतही होतं. सगळा खेळ एका दिवाणखान्यात. मखमली पडदे, मोत्यांच्या माळा, लांब दांड्यांच्या सिगारेटी आणि सारखी उघडमीट करणारी पाच दारं. बटणांच्या कारखान्याचा श्रीमंत मालक जेवताना सूपच्या बशीत तोंड घालून कोसळतो. त्याच्यावर चादर टाकतात, आणि मग पोलीस इन्स्पेक्टर येऊन एकेकाला विचारत सुटतो. बायको, मेहुणा, स्वयंपाकीण, मुलीला पियानो शिकवायला येणाऱ्या बाई. जो तो मेलेल्या माणसाविषयी अदबीने बोलतो, आणि जो तो खोटं बोलतो.

आणि शेवटी चादरीखालचं प्रेत शिंकतं. सगळे थिजतात. तेवढ्यात पियानोच्या बाईंच्या तोंडून निघून जातं, "गप पड ना, गाढवा." तेही डू लावून. बस, एका सर्वनामात सगळं उघडं पडतं. मालक मेलेला नाही, बाई आणि तो मिळून पळून जाणार आहेत, आणि बिचारी बायको आयुष्यभर झीच म्हणत राहिली. फ्रेंच सिनेमा, जर्मन आवाज, तरी त्या क्षणी मी सगळ्या थिएटरबरोबर हसले. या देशात तोवर मी प्रत्येक विनोदाला एक श्वास उशिरा हसत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा वेळेवर हसले, किंबहुना जरा आधीच. या विषयातली जाणकार त्या थिएटरात माझ्याइतकी दुसरी कोण होती?

गावातल्या मराठी मंडळाला दिवाळीसाठी नाटक हवंच होतं. नाटकाचा सिनेमा झाला होता, मी त्याचं परत नाटक करायला घेतलं. साल तेच ठेवलं, पॅरिसच्या जागी पुणं आणलं. मालकांचे झाले भाऊसाहेब, सूपच्या बशीची झाली कटाच्या आमटीची वाटी, पियानोच्या बाई पेटी शिकवू लागल्या. सईला बालवाडीत सोडलं की मी खिडकीशी बसायचे. बाहेरचं चेस्टनटचं झाड रोज थोडं पिवळं व्हायचं आणि वही रोज थोडी भरायची. ज्या दिवशी शेवटचं वाक्य लिहिलं, "अरे, गप पड ना, वेड्या", त्या दिवशी मी उठून आरशासमोर ते दोनदा म्हणून पाहिलं. छान वाटलं. आरसा काही वळून बघणारा नव्हता.

भाऊसाहेबांचं काम यांना मिळालं, कारण यांच्याकडे त्यासाठी लागणारे दोन्ही गुण होते. पाठांतर शून्य, आणि कुठेही आडवं पडता येतं. बायकोचं काम वैशालीने घेतलं, ती आमच्याच रस्त्यावर राहायची. इन्स्पेक्टर आणि दिग्दर्शक दोन्ही देशपांडेकाका. पडद्याआडून वाक्यं पुरवायला मी. आणि पेटीच्या बाईंसाठी ऋजुता आली.

ऋजुता त्याच उन्हाळ्यात नव्याने निघालेल्या ब्लू कार्डाच्या व्हिसावर गावात आली होती. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. नवरा येनाला, भिंगांच्या प्रयोगशाळेत, एक रविवार सोडून एक रविवार यायचा. आणि ती यांच्या कॉलेजातली, यांच्याच वर्गातली निघाली. पहिल्या तालमीला दारातून आत आली, जाकीट काढायच्या आधी यांना पाहिलं आणि म्हणाली, "अरे मक्या, तू अजून तसाच दिसतोस की."

मक्या. सात वर्षं मी या माणसाचे सदरे इस्त्री करत होते, याच्या मुलीची आई होते, आणि याला मक्या म्हणतात हे मला माहीत नव्हतं. सासूबाई मकरंद म्हणायच्या, नणंद दादा म्हणायची. मक्या कुठून आला? आणि हे जे हसले, ते हसू तर मी पाहिलंच नव्हतं. खांदे हलवून, डोळे मिटून, वीस वर्षांच्या पोरासारखं. माझ्या हातातला चहाचा ट्रे मी जरा जोरातच ठेवला.

दर रविवारी दुपारी आमच्या बैठकीत तालीम. इथे रविवार म्हणजे शांततेचा दिवस, भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. खाली फ्राऊ हूबर राहायच्या, त्यांचे कान फार तिखट. त्यामुळे भाऊसाहेब कोसळल्यावर वैशालीला किंकाळी फोडायची होती ती कुजबुजून फोडावी लागे. नवरा मेल्याची अशी हळू आवाजातली किंकाळी मी कुठे ऐकली नाही. तरी एकदा फ्राऊ हूबर वर आल्याच. दार उघडलं तर त्यांना दिसलं ते असं: जमिनीवर निळ्या चादरीखाली एक माणूस, भोवती पाच जण चहात बिस्किटं बुडवतायत. त्यांनी घाबरून विचारलं, हे आजारी आहेत का? चादरीखालून आवाज आला, "नाइन, नाइन. इश बिन टोट." मी मेलोय म्हणे. तीन वर्षांत फ्राऊ हूबर पहिल्यांदा हसल्या. ऋजुता तर हसून हसून भिंतीला टेकली. "अरे मक्या, पाय झाक, डेड बॉडीला मोजे कसे?" असं म्हणत तिने वाकून चादर यांच्या पायावर ओढली. चादर माझी होती. पायही, मी म्हणेन, माझ्याच हक्काचे होते.

मी काय काय केलं ते सांगायला आता लाज वाटत नाही. ऋजुताला मी दर रविवारी कानाचा टवका उडालेला कप द्यायचे. तिची दोन चांगली वाक्यं, ज्यांना हमखास हशा येत होता, मी वेळ कमी करायचा म्हणून कापून टाकली. तालमीत ती किती वेळा अरे म्हणते ते मोजायचे. एका रविवारी एकतीस झाले, आणि नाटकात तर तो शब्द एकदाच होता. वाक्य संपलं की नाटकातलं नातं संपायला नको का? पण तिचं अरे नाटकातलं नव्हतंच. ते यांच्या विशीतलं होतं, कॉलेजच्या कँटीनमधलं, जर्नलं पूर्ण करत बसलेल्या दुपारींमधलं. तिथे मी कधी नव्हते आणि व्हिसा काढूनही जाता येणार नव्हतं. मला तिच्या हुशारीचा हेवा वाटला नाही, तिच्या नोकरीचा नाही, तिच्या आखूड केसांचा जरासा वाटला. पण तो शब्द ती ज्या बेफिकिरीने वापरायची, दाण्याचं टरफल टाकावं तशी, ते मला सहन होत नव्हतं.

शेवटी मी देशपांडेकाकांना म्हटलं की शिंकेनंतर ऋजुताने काही बोलू नये, नुसतं दचकावं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो वहिनी, सगळं नाटक त्या एका अरेवर उभं आहे. ते काढलं तर खाली काय राहतं?" ऋजुता म्हणाली, गेनाऊ, अगदी बरोबर, आणि तेच तर तू इतकं भारी लिहिलंयस. स्तुती ऐकून इतका संताप मला आजवर आलेला नाही.

त्या संध्याकाळी कपडे वाळत घालताना मी यांना विचारलं, "ती तुम्हाला मक्या का म्हणते?"

"सगळेच म्हणायचे."

"मला कधी सांगितलं नाहीत."

हे सईचे मोजे जोडीने लावत होते. एक मोजा सापडत नव्हता, तो शोधता शोधता सहज म्हणाले, "सांगून काय, तू थोडीच म्हणाली असतीस."

आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता तरी आलं असतं. पण मला एकदम दिसलं की ज्या शब्दासाठी मी दुसऱ्या बाईला टवक्याचा कप देत होते, तो मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात देऊ केलेला होता. मी तो घेतला नाही. आणि आता घेऊ म्हटलं तर वाटायचं, उशीर झाला, यांच्या मनातली त्याची जागा कुणीतरी आपलं जाकीट टाकून धरून ठेवली असेल.

मग प्रयोगाच्या तीन दिवस आधी वैशालीच्या मुलाला कांजिण्या झाल्या. तिला घराबाहेर पडता येईना. सगळी वाक्यं पाठ असलेली एकच व्यक्ती होती. मी सासूबाईंनी दिलेलं निळं इरकल नेसले, खोट्या मोत्यांची माळ घातली आणि भाऊसाहेबांची बायको झाले. म्हणजे होते तीच झाले.

चर्चच्या हॉलमागच्या खोलीत ऋजुता माझ्या अंबाड्यात पिना खोचत होती. मी आरशातून तिच्याकडे बघत नव्हते. ती म्हणाली, "तुला एक सांगू? मी त्याला चारदा अरे म्हटलं तरी त्याला ऐकू येत नाही. तू आतून एकदा अहो म्हणतेस आणि तो अर्धा चहा टाकून उठतो. मी बघितलंय." मला ते पटलं नाही. समजूत घालायला बोलली असं वाटलं, आणि माझी समजूत घालायची गरज आहे हे तिला कळलं याचा आणखी राग आला. तरी पिना मात्र घट्ट बसल्या होत्या.

शनिवारची दुपार. हॉल थंडगार होता म्हणून कुणीतरी नुकतेच हीटर लावले होते. त्या मोसमात पहिल्यांदाच. मला स्टेजवर गेल्या गेल्या तो करपट वास आला, पण मी वाक्यांच्या नादात. भाऊसाहेब कटाच्या आमटीत कोसळले. मी किंकाळी फोडली, पाच रविवारांची दाबलेली सगळी, आणि पहिल्या रांगेतली दोन मुलं रडायला लागली. चादर पडली. देशपांडेकाका इन्स्पेक्टरचा रूळ काखेत मारून आले आणि त्यांनी विचारलं, "बाई, भाऊसाहेबांशी तुमचे संबंध कसे होते?" मी पदर डोळ्यांना लावला. "अहो, साहेब, उभ्या जन्मात मी त्यांच्यापुढे मान वर करून..."

आणि यांना शिंक आली. खरी. नाटकातल्या शिंकेला अजून वीस मिनिटं होती, ऋजुता विंगेत पेटी घेऊन उभी होती, आणि चादर अर्धा फूट वर उडाली.

"अरे, गप पड ना, वेड्या!"

हे मीच बोलले. लिहिलेलं तिचं वाक्य, आवाज माझा, आणि यांच्याकडे बघून. हॉल असा काही हसला की खिडक्यांच्या काचा वाजल्या. नाटकाचं तर वाटोळंच झालं होतं. कटात सामील असलेली बाई म्हणजे आता बायकोच ठरली होती, पुढच्या वीस मिनिटांतला एकही प्रश्न विचारण्यासारखा उरला नव्हता. देशपांडेकाका मला अटक करावी की नाही या विचारात रूळ एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते. तेवढ्यात ऋजुता पेटीसकट स्टेजवर आली, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वहिनी, तुम्हीसुद्धा?"

त्या दिवसातला सर्वांत मोठा हशा तिला मिळाला. माझ्या नाटकात, माझ्या चुकीवर. मी ते अजून विसरलेले नाही.

पण त्या हशाच्या गोंगाटात चादरीखालून एक हात आला आणि त्याने माझ्या इरकलाचा काठ धरला. हे हसून गदगदत होते, आमटी भुवईवर वाळलेली. खालच्या आवाजात म्हणाले, "परत म्हण."

"गप पडा," मी म्हटलं. अहो परत आलं होतं.

आणि ते राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी "अहो, चहा" झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही झालं. एरवी ठरवून म्हणायला गेलं की खोकला येतो. पण शिंक आली की मला विचार करायला वेळ मिळत नाही, आणि तो शब्द आपला आपण बाहेर पडतो. वर्षातले पाच महिने, सर्दीच्या भरवशावर, माझ्या नवऱ्याला मला अरे म्हणता येतं. उन्हाळ्यात आम्ही पुन्हा अदबीने वागतो.

सई आता अकरा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. परवा तिने विचारलं, "ममा, वारूम झीत्स्ट डू पापा?" बाबाला तू झी का म्हणतेस. मी म्हटलं, ओळख होतेय अजून. तिला विनोद कळला नाही, हे मात्र वर्तमानपत्राआड खांदे हलवत होते. खांदे हलवून हसायचं ते हसू आता कधीमधी आमच्याकडेही येतं.

ऋजुता नवऱ्यासह ब्योब्लिंगेनला गेली त्याला चार वर्षं झाली. दिवाळीच्या आधी एका रविवारी तिचा फोन येतोच. आजही आला. हे सोफ्यावर, फोन स्पीकरवर, आणि तो आवाज सबंध घरात फिरतोय, अरे मक्या, तुझ्या गुडघ्याचं काय झालं, अरे ऐक ना. मी स्वयंपाकघरात भाजणीत मोहन घालत होते. मी सांगितलं ना, इतकी वर्षं झाली तरी मत्सर होतो. मी उगीच पीठ जोरात मळते.

मग मला वास आला. सईने थंडी वाजते म्हणून हीटर लावला होता. करपट, धुळीचा, ओळखीचा वास, आणि बैठकीतलं यांचं बोलणं अर्ध्या वाक्यात तुटलं. मी पिठाचे हात तसेच घेऊन धावले. दारात पोचले तेव्हा यांचे डोळे मिटलेले, मान मागे गेलेली, आणि फोनमधून ऋजुता विचारत होती की आवाज का गेला.

शिंक आली. फोनमध्ये तिने "अरे" म्हणायला श्वास घेतलेला मला स्पष्ट ऐकू आला.

"अरे, गप पड ना, वेड्या," मी आधी म्हटलं.

मक्या हसला.